शून्य ते नऊची मिशी

३ फेब्रुवारी, मंगळवार

प्राध्यापकबाईंना,

सात वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हणून दचकू नका. घरी सगळे ठणठणीत आहेत. मला काही मागायचंही नाही. एक बातमी द्यायची आहे, आणि ती ज्याला कळेल असं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, त्याला माझा नाइलाज आहे.

मी बॉक्स प्लॉट काढला. एक नव्हे, पाच. आठ बाय चारच्या प्लायवर, ऑइलपेंटमध्ये.

झालं असं, की नगरपरिषदेचं काम आलं. शहराला एकच नवी प्राथमिक शाळा मंजूर आहे. ती आमच्या वस्तीत, बर्फाच्या बंद कारखान्याच्या जागेवर बांधायची, की टेकडीपलीकडच्या वस्तीत, याची जाहीर सुनावणी २४ तारखेला आहे. शाळा तिकडे गेली तर कारखान्याच्या जागेवर ज्येष्ठांचं विरंगुळा केंद्र होणार. सभागृहात सगळ्यांना दिसेल असा पाच वस्त्यांच्या वयांचा बोर्ड हवा होता. नियोजन अधिकाऱ्यांनी कॉम्प्युटरवर काढलेला एक कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "हे मोठं करून द्या."

मी कळल्याशिवाय काही रंगवत नाही. वाचनालयातून पुस्तक आणलं, चार संध्याकाळी बसलो. सगळ्या माणसांना वयाप्रमाणे ओळीत उभं करायचं. बरोबर मधला माणूस म्हणजे मध्यक. पाव ओळ संपते तिथपासून पाऊण ओळ संपते तिथपर्यंत पेटी. पेटीच्या डावीकडून सगळ्यात लहान वयापर्यंत एक रेष, उजवीकडून सगळ्यात मोठ्या वयापर्यंत दुसरी. मी त्यांना मिश्या म्हणतो. साहेबांनाही शब्द आवडला.

आमच्या वस्तीची पेटी नऊपासून सत्तावन्नपर्यंत, मध्यक तेहतीस, सगळ्यात मोठं माणूस शहाऐंशीचं. टेकडीपलीकडची पेटी बावीस ते चव्वेचाळीस, आणि मध्यक? तोही तेहतीस! मधला माणूस एकाच वयाचा, पण पेट्या बघ किती वेगळ्या. मी अर्धा तास नुसता बघत बसलो होतो.

माप सांगतो. एका वर्षाला दोन सेंटीमीटर. पेट्या केसभरही इकडेतिकडे नाहीत. फक्त आमच्या वस्तीच्या मिश्या कागदावर फार बेढब होत्या. बोर्डाच्या मापाने डावी अठरा सेंटीमीटर, उजवी अठ्ठावन्न. पुस्तकातल्या चित्रात दोन्ही सारख्या आहेत. मिशी म्हटली की दोन्हीकडे सारखीच हवी, म्हणून मी शोभेसाठी दोन्ही अडतीस केल्या. डावी शून्याच्या थोडी बाहेर गेली, पण समास भरपूर होता. साहेबांनी दारातूनच बघितलं आणि म्हणाले, "वा! काय समतोल आहे!"

बोर्ड सुनावणीपर्यंत माझ्याच वर्कशॉपमध्ये आहे.

आता एक दुखरी गोष्ट. आमच्याकडे शाळा नाही हे तुला माहीतच आहे. तुझी वहिनी रोज सकाळी बावीस पोरांना हमरस्ता ओलांडून देते. गेल्या महिन्यात टेम्पोचा आरसा माझ्या नातीच्या दप्तराला लागला. दप्तर फाटलं, पोरगी वाचली. शाळा इथेच व्हावी असं कोणालाही वाटेल. पण साहेबांनी मूळ कागदावर बोट ठेवून दाखवलं, "तुमच्याकडे मुलांच्या बाजूची रेष बोटभर. टेकडीपलीकडे बघा, चांगली हातभर. म्हणजे मुलं तिकडे जास्त. तुमच्याकडे म्हाताऱ्यांची बाजू लांबलचक." आकड्यांपुढे कोण काय बोलणार?

उत्तर पाठवलंच पाहिजे असं नाही.

तुझा भाऊ

१२ फेब्रुवारी, गुरुवार

तुझं पत्र मिळालं. दीड पान. तुझी आधीची दोन पत्रं मी अनुत्तरित ठेवली, तिसरं उघडलं नाही, त्याबद्दल त्यात एक अक्षर नाही. पत्र सुरूच होतं ते असं:

"दादा, तुझ्या वस्तीत जन्माला यायला अजून दहा वर्षं अवकाश असलेली पोरं आत्ताच हिंडताहेत. आणि शहात्तरच्या पुढचे सगळे म्हातारे तू एका फटकाऱ्यात मारून टाकलेस. पोलिसांना कळवलंस का?"

वहिनीने हे मोठ्यांदा वाचलं आणि ओट्याला धरून हसली. मी हसलो नाही.

चूक झाली, मान्य. शून्याच्या डावीकडे वय नसतं हे मला कळायला हवं होतं. पण लिहिण्याची काही रीत असते. सात वर्षांपूर्वी तुझ्या घरी, तुझ्या सत्काराच्या दिवशी, तुझ्या पाहुण्यांनी मला विचारलं, "आपण काय करता?" मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, "दादा कलाक्षेत्रात आहे." कलाक्षेत्रात! मी बोर्ड रंगवतो. दुकानांचे, दवाखान्यांचे, 'गेटसमोर गाडी लावू नये'चे. बत्तीस वर्षांत एक अक्षर वाकडं गेलेलं नाही. तेव्हा माझ्या धंद्याला तू सुबक करून घेतलंस, आणि आता मी दोन मिश्या सुबक केल्या तर पोलीस?

दुसरा मुद्दा. तू लिहितेस, मिशी आखूड म्हणजे माणसं कमी असं नसतं, उलट तिथे माणसं दाटीने असतात. हे मला पटलेलं नाही. लांब रांगेत जास्त माणसं असतात, हे शेंबडं पोरही सांगेल.

दादा

१४ फेब्रुवारी, शनिवार

मुंगे!

पटलं. पटलं. पटलं. आता सकाळचे दहा वाजलेत, मी हात न धुताच लिहायला बसलोय, कागदावर खडूचे डाग दिसतील, चालवून घे.

तुझ्यावर चिडूनच सुरुवात केली. म्हटलं, हिला खोटं पाडायचं तर पुराव्यानिशी. काल आमच्या गल्लीतल्या चौदा घरी गेलो आणि प्रत्येकाचं वय विचारलं. एका बाईंनी एकोणचाळीस सांगितलं, त्यांच्या सूनबाईंनी मागून पाच बोटं दाखवली, मी चव्वेचाळीस लिहिलं. एकूण माणसं चौसष्ट. जुन्या खोक्यांचे चौसष्ट तुकडे कापले, प्रत्येकावर एक वय. वर्कशॉपची फरशी झाडून खडूने पट्टी आखली, वर्षाला सात सेंटीमीटर, आणि एकेक तुकडा आपापल्या वयावर ठेवत गेलो.

तुझी वहिनी चहा घेऊन आली. "अहो, हा काय पसारा? पत्ते खेळताय एकटेच?"

"गल्ली मांडतोय."

"मग मला कुठे ठेवलंत?"

"पन्नासवर."

"एकोणपन्नास!"

हलवली. मग सोळावा तुकडा संपला तिथे रेष मारली, बत्तिसाव्यानंतर दुसरी, अठ्ठेचाळिसाव्यानंतर तिसरी. चार भाग, प्रत्येकात सोळा. आणि तुझी वहिनी पलीकडे जायला लागली तर डाव्या टोकाला थबकली.

"इथून जाऊ कशी? पाय ठेवायला जागा नाही. सगळी पोरंच पोरं झालीत इथे."

मी खाली बघितलं. पट्टीचा इवलासा तुकडा, शून्यापासून दहापर्यंत, आणि त्यावर सोळा तुकडे एकमेकांवर चढलेले. उजव्या टोकाला अठ्ठावन्नपासून एक्याऐंशीपर्यंत तेही सोळाच, पण कसे? ऐसपैस. दोघांच्या मध्ये तिसरा सहज बसेल.

मुंगे, माझ्या अंगावर काटा आला. चारही भागांत माणसं सारखीच असतात! मुळात कापणीच तशी केलेली असते! लांबी माणसांची नसतेच, ती वयांची असते. सोळा माणसं छोट्या खोलीत कोंबली की गर्दी, सोळाच माणसं हॉलमध्ये सोडली की मोकळं मोकळं. साहेब खोलीची लांबी मोजून माणसं सांगत होते. आणि मी मान डोलावत होतो.

म्हणजे आमच्या वस्तीची ती बोटभर मिशी, जिच्यामुळे शाळा तिकडे चालली होती, ती म्हणजे वस्तीतली पाव माणसं! नऊ वर्षांची किंवा त्याहून लहान! चारांत एक!

(गल्लीचा आकडा दहा निघाला, नऊ नाही. गल्ली म्हणजे अख्खी वस्ती नव्हे, मला कळतं. लगेच लिहू नकोस.)

वहिनीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "हे मला रोज सकाळी रस्त्यावर दिसतं, त्याला एवढे खोके कशाला कापलेत?" पण तुकडे उचलू देत नाही. शेजारच्या दोघींना बोलावून तीच आता शिकवत बसली आहे. मला बाहेरच्या पायरीवर बसून लिहावं लागतंय.

दादा

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मुंगे,

तुझं पत्र आलं. एकेका गोष्टीला उत्तर देतो.

तू म्हणालीस, बॉक्स प्लॉट वाटा सांगतो, संख्या सांगत नाही. पाव म्हणजे किती ते एकूण लोकसंख्या कळल्याशिवाय बोलू नकोस. बरोबर. मी कार्यालयात गेलो. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला कशाला हवीय? बोर्डावर तर लिहायची नाही." मी म्हटलं, "साहेब, आकड्यांचं काम आहे, समाधान होत नाही." टेबलावरून कागद सरकवला त्यांनी. माणूस वाईट नाही, घाईत असतो. आमची वस्ती ४,२१२. टेकडीपलीकडे ४,०६८. म्हणजे आमच्याकडे नऊपर्यंतची मुलं सुमारे एक हजार त्रेपन्न. आणि त्यांच्याकडे बावीस वर्षांपर्यंतचे सगळे धरून, दाढी करणारे, नोकरीला लागलेले, लग्न ठरलेलेसुद्धा धरून, एक हजार सतरा! त्यात प्राथमिक शाळेची किती असतील? मला हे बसस्टॉपवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला सांगावंसं वाटलं. सांगितलंही. तो दुसऱ्या बसमध्ये चढला.

तू म्हणालीस, बोर्ड सुधार. सुधारला. पॉलिश पेपर मारून दोन्ही मिश्या खरवडल्या, पुट्टी भरली, प्रायमर, दोन हात पांढरा रंग, मग डावी रेष. अठरा सेंटीमीटर, ना कमी ना जास्त. इतकी सुंदर रेष मी आयुष्यात ओढली नसेल.

तू म्हणालीस, आधी चुकीची रंगवली होती हे सभागृहात आपणहून सांग. यावर मी दोन दिवस काढले. कशाला सांगायचं? कोणाला दिसलं नाही. पुसलं, संपलं. पण मग स्वतःशीच बोलता बोलता एक गोष्ट निघाली ती तुला लिहितो, वहिनीला सांगू नकोस. शोभेसाठी केलं असं मी लिहिलं होतं. ते अर्धंच खरं. डावी मिशी मुलांची, हे मला ठाऊक होतं. ती थोडी मोठी दिसली तर आपल्या वस्तीचं भलं होईल, असंही मनात होतं. नातीचं फाटलेलं दप्तर समोर खुंटीवर टांगलेलं होतं. बत्तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या मजकुरात काना-मात्रा बदलली नाही, आणि इथे दहा वर्षं ढकलून दिली. गंमत बघ, जी आखूड मिशी लपवायला गेलो तीच आमची सगळ्यात मोठी साक्षीदार निघाली.

आता निघालंच आहे तर आणखी एक. धाकटीला शिकता यावं म्हणून मी शाळा सोडली असं सगळ्यांना माहीत आहे. मीच सांगितलंय. गणितात एकोणीस मार्क पडले म्हणून सोडली. मार्कांचा कागद तूच आणला होतास शाळेतून. इतक्या वर्षांत तू कोणाला सांगितलं नाहीस. 'कलाक्षेत्रात' म्हणालीस तेव्हा मी जो भडकलो, त्यात हेही होतं. मला वाटलं, हिला सगळं ठाऊक आहे आणि ही मला झाकतेय.

शेवटचं तुझं वाक्य, "विचारलेल्या प्रश्नाला आलेख जे सांगतो तेच उत्तर दे, आपल्याविरुद्ध जात असलं तरी." हे मला आवडलं नाही. आपल्याविरुद्ध काय जाणार आहे आता?

दादा

२४ फेब्रुवारी, मंगळवार, दुपार

मुंगे,

आत्ताच आलो. चपलासुद्धा काढल्या नाहीत. क्रमाने सांगतो, नाहीतर काहीतरी सुटेल.

सभागृह भरलेलं. बोर्ड टेबलामागे उभा, उजेड बरोबर डावीकडून. साहेबांनी छडी घेतली आणि तेच सांगितलं, ही रेष बोटभर, ती हातभर. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला आणि विचारलं, "कोणाला काही बोलायचंय?"

मी उभा राहिलो.

"आपण?" बाईंनी विचारलं.

"हा बोर्ड मी रंगवलाय."

"छान आहे. पण सूचना विषयावर हवी."

"विषयावरच आहे. पहिल्यांदा मी आमच्या वस्तीच्या मिश्या चुकीच्या रंगवल्या होत्या. डावी दहा वर्षांनी लांबवली होती. नंतर खोडून बरोबर केली. नोंद असावी."

पाठीमागे खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, "मिश्या?" साहेबांचा चेहरा पडला. "अहो, तुमचं शिक्षण काय? हा तांत्रिक विषय आहे."

"दहावी नापास. गणितात एकोणीस. म्हणूनच मला मांडून बघावं लागलं."

आणि मी मांडलं! वहिनीने पिशवीतून चौसष्ट तुकडे काढले, आणि आम्ही दोघांनी अध्यक्षबाईंच्या टेबलासमोर जमिनीवर गल्ली लावली. सदस्य खुर्च्यांवरून वाकून बघायला लागले. एक तर चक्क गुडघ्यावर आले. सोळा, सोळा, सोळा, सोळा. मग मी म्हटलं, "साहेब, आखूड भागात माणसं कमी आहेत का? मोजा."

त्यांनी मोजली. खरंच वाकून मोजली. दोनदा. मग उठले, बोर्डाकडे बघितलं, आणि म्हणाले, "बाई, माझं वाचन उलटं झालं होतं." एवढ्या लोकांसमोर. मी त्यांना मनातून सलाम केला. त्यानंतर मी एक हजार त्रेपन्न आणि एक हजार सतरा सांगितले, आणि दाढीवाल्यांचं सांगितलं तेव्हा सभागृह हसलं, पण माझ्या बाजूने.

वाटलं, जिंकलो. आणि तेवढ्यात आमच्याच वस्तीतले निवृत्त पोस्टमास्तर उठले. वय एकोणऐंशी, आवाज अजून काउंटरवरचाच.

"रंगारीबुवा, मला एक सांगा. चारही भागांत माणसं सारखी म्हणालात ना?"

"हो."

"मग त्या उजव्या टोकाला, सत्तावन्नच्या पुढे, आम्ही किती?"

मुंगे, वहिनी माझ्याकडे बघत होती. मला कळलं की खरं सांगितलं तर ज्येष्ठांच्या केंद्राची मागणी शाळेच्या मागणीइतकीच वजनदार ठरते. 'तुम्ही विखुरलेले आहात, थोडे आहात' असं म्हणालो असतो तर खपलं असतं. आखूड भागात गर्दी, मग लांब भागात माणसं थोडी, असंच सगळ्यांना वाटलं असतं.

"तितकेच," मी म्हटलं. "तुम्हीसुद्धा हजार त्रेपन्नच्या आसपास. एकही कमी नाही."

खाली बसलो. वाटलं, आपल्या हाताने घालवली शाळा.

पोस्टमास्तर बसले नाहीत. "ठीक. मला वाटलं होतं तुम्ही आम्हाला गाळाल. आता ऐका बाई. मला आणि या लेकरांना एकच जागा हवी आहे, पण एकाच वेळी नको. त्यांची शाळा सकाळी. आम्ही सकाळी औषधं घेऊन, फिरून, पेपर वाचून मोकळे होईपर्यंत दुपार उजाडते. शाळा बांधा, तळमजल्यावर एक खोली आमच्या उंचीच्या बाकांची करा, दुपारनंतर किल्ली आमच्याकडे. आणि रस्ता ओलांडताना मला जेवढी भीती वाटते, त्याहून सहा वर्षांच्या पोराला जास्त वाटत असेल."

"आणि पोरांनी फळ्यावर काही लिहिलेलं असलं तर?" कोणीतरी विचारलं.

"वाचू. दुसरं काम काय आम्हाला?"

हात वर करायला सांगितले. तेरा सदस्य. अकरा वर, दोन खाली. शाळा आमच्याकडे, बर्फाच्या कारखान्याच्या जागेवर, तळमजल्याच्या खोलीसकट!

वहिनी तिथल्या तिथे रडली. मी नाही. (थोडा.)

साहेब बाहेर भेटले. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात पाणीपुरवठ्याचे आकडे येणार आहेत. या एकदा, बसून बघू." मी म्हटलं, येतो, पण आधी एकूण किती ते सांगायचं.

तुझं शेवटचं वाक्य मला आवडलं नव्हतं असं मी लिहिलं होतं. ते वाक्य खोड.

दादा

२१ मार्च, शनिवार

मुंगे,

आज जागेवर आखणी झाली. कारखान्याचे पत्रे गेले, जमीन सपाट केली, आणि सकाळी दोघांनी दोरी ताणून फक्कीने पांढऱ्या रेषा मारल्या. सहा वर्ग, एक कार्यालय, रस्त्याच्या विरुद्ध बाजूला फाटक. तळमजल्याची ती खोली पश्चिमेला, दुपारचं ऊन येईल अशी. पोस्टमास्तरांनी काठीने मापून बघितली आणि दीड फूट कमी आहे म्हणाले. मी टेप लावला. खरंच कमी होती. रेष पुसून पुन्हा मारायला लावली.

आखणी संपायच्या आत पोरं आली. भिंती नाहीत, दारं नाहीत, नुसती फक्की, पण एकही पोर रेष ओलांडून आत शिरलं नाही. जिथे दार दाखवलंय तिथूनच गेली. आपापला वर्ग वाटून घेतला, खाली बसली, आणि माझी नात मध्येच उभी राहून सगळ्यांना दामटायला लागली, "ए, भिंतीवर पाय देऊ नकोस!" साठ-सत्तर तरी असतील. पहिलीच्या चौकोनात तर बसायला जागा उरली नाही. काही जणांना दुसरीत बसावं लागलं. मी साहेबांना बोलावून दाखवलं. त्यांनी खिशातून डायरी काढून काहीतरी लिहिलं. मला वाटतं, पहिलीची आणखी एक तुकडी.

फोन करणार होतो, पण फोनवर माझा आवाज चढतो, आणि सात वर्षांचं बोलायचं म्हणजे तो चढणारच. समोरासमोर बरं. चूक माझी होती. तुझी थोडी होती, पण ती लिहिण्याइतकी मोठी नाही. पुढच्या वर्षी शाळा उघडेल तेव्हा सगळे येतील, तेव्हा तू येऊ नकोस. आत्ता ये, रेषा आहेत तोवर. उभं राहून बघण्यासारखं हेच आहे.

येणार असशील तर कळव, नसशील तरी कळव. पण 'बघते' असं लिहू नकोस. तारीख, गाडी आणि डबा नंबर लिही.

दादा